आवाजाची दलाली

उयोमा,
३ मार्च

धाकटे,

बरी असशील असं धरून चालते. इथं सगळे बरे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तुझ्या घरामागच्या पपईला फळं लागलीत, ती माकडं खातात. मी हाकलत नाही. झाड तुझं, तेव्हा माकडांशी भांडणही तुझं.

अकरा महिने झाले तुला लेकीकडे नाकुरूला जाऊन. फोन तू उचलत नाहीस. तीनदा केला. चौथ्यांदा करणारी मी नव्हे, हे एकाच दादल्याच्या संसारात माझ्याबरोबर पस्तीस वर्षं काढून तुला कळलं असेलच. म्हणून कागद. बेंटर, तू हे आईला वाचून दाखवणार. अक्षर वाकडं आहे. बासष्टाव्या वर्षी आंब्याखालच्या शाळेत शिकलेल्या बाईचं असंच असतं. मोठ्यानं वाच आणि मधलं काही गाळू नकोस. गाळलंस तर मला कळेल.

लिहायचं कारण असं की माझ्या नावानं सरकारची नोटीस आली आहे. गावातल्या बाया तुला तिखटमीठ लावून सांगतीलच. माझ्याकडून ऐकलंस तर मीठ तरी कमी पडेल.

नोटीस कराची आहे. आवुओरनं वाचून दाखवली, मग मी स्वतः बोट ठेवून वाचली. वर माझं पूर्ण नाव, दोर्सिला अजवांग, आणि त्याखाली धंद्याचा रकाना. त्यात छापलंय: इंटरनेटवरच्या जुगाराची दलाली. मी सातदा वाचलं. जनगणनेवाला आला की त्या रकान्यात माझ्यापुढं एक आडवी रेघ मारून जायचा. आणि आता हे. लग्नात सुद्धा माझं नाव इतक्या नीट कुणी लिहिलं नव्हतं.

माझी नात आवुओर दिवसभर फोनवर काय काम करते, असं तू विचारायचीस आणि मी "कंप्युटरचं" म्हणायचे. आता नीट सांगते. ती जुगार खेळत नाही आणि खेळवतही नाही. ती फक्त दार दाखवते. जुगाराची कंपनी कुठल्याशा लांबच्या बेटावर आहे. त्या कंपनीनं आवुओरला एक दार दिलंय, फोनमधलं, आणि दारावर आपलं नाव आहे. त्या दारानं जो आत गेला तो जन्मभर आपला मोजला जातो. तो उद्या दुसऱ्या गावी गेला, त्यानं फोन बदलला, लग्न केलं, तरी आपलाच. अशी घट्ट गाठ तर आपल्या दादल्यानं आपल्याशीही बांधली नव्हती. तो माणूस खेळला की आपल्याला हिस्सा मिळतो.

दार माझ्या नावावर, कारण सुरुवातीला आवुओर सतरा वर्षांची होती. ओळखपत्र नव्हतं, आणि कंपनीला अठरा पूर्ण लागतात. माझं कार्ड होतं, बायकांच्या बचत गटासाठी काढलेला कराचा नंबर होता आणि माझ्या नावाची फोनची लाइन होती. "आजी, अंगठा दे," म्हणाली. दिला. अंगठा माझा, मी कुणालाही देईन.

आणि माझा आवाज. तो तर तुला माहीतच आहे. रेडिओवर मॅच लागली की मी जे बोलायचे ते ती फोनमध्ये भरायची आणि तू चुलीपाशी बसून पोट धरून हसायचीस. "हा गोलकीपर आहे की माझ्या खुराड्याचं दार? वाऱ्यानंही उघडतो!" ते तुझं आवडतं. शेवटी मी दर वेळी म्हणायचे, "लावायचं तर लाव, नाहीतर आईच्या कुशीत जाऊन झोप." ते तिनं लोकांपुढं सोडलं. खाली दाराचा पत्ता. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

ओबुयाचं मी काही विचारत नाही. तुझा लेक सरोवरातल्या बेटावर दुसऱ्याच्या बोटीवर राबतो, असं मासळीवाल्या बाया सांगतात. मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं.

पेरणी अजून केली नाही. गुडघा दुखतो. थोरलीनं बी टाकल्याशिवाय या आवारात कुणालाच टाकता येत नाही, म्हणून सुना कुरकुरतायत. कुरकुरू देत.

पुढच्या आठवड्यात किसुमूच्या कर कार्यालयात बोलावलंय.

दोर्सिला


उयोमा,
१२ मार्च

धाकटे,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं. तुम्ही बऱ्या असाल.

मी किसुमूला जाऊन आले. मटाटूत आवुओर सगळी वाट मला पढवत होती.

"आजी, तू फक्त एवढंच म्हण: मी अडाणी आहे, मला काही कळत नाही."

"हे वाक्य मी तुझ्या आजोबांना चाळीस वर्षं म्हटलं," मी म्हटलं. "त्यांनीही कधी विश्वास ठेवला नाही."

"साहेब ठेवतील. तुझ्याकडे बघून कुणालाही पटेल."

"माझ्याकडे बघून काय पटतं ते मला माहीत आहे. तू आपलं तोंड धू, बिस्किट लागलंय."

कार्यालयात साहेब नव्हताच. बाई होती, नसिमियू नावाची, बुंगोमाकडची, आवुओरहून फार तर दहा वर्षांनी मोठी. आधी तिनं मला खुर्ची दिली, मग पाणी दिलं, आणि मग माझी तीन वर्षं माझ्यापुढं ठेवली. धाकटे, मी देवळात बसले आहे, मयतांना बसले आहे, गव्हर्नर आला तेव्हा पहिल्या रांगेत बसले आहे. असं अंग कुठंच थरारलं नव्हतं. मी ज्या दिवशी जे पैसे फोनवर घेतले ते तारखेसकट तिथं होतं. ज्या मंगळवारी आवुओरनं मला चपला आणल्या तो मंगळवारही होता. मी विसरले होते. ते विसरत नाहीत.

"आजी, तीन वर्षं तुम्ही दर जूनमध्ये विवरण भरलंय," नसिमियू म्हणाली.

"भरलंय! अगोलाच्या सायबर कॅफेत रांग लावून भरलंय. शंभर शिलिंग देऊन."

"काय भरलंय ते ठाऊक आहे?"

"सगळे भरतात तेच. शून्य."

तुला आपली जूनमधली रांग आठवते ना? अख्खा बाजार शून्य भरायला उभा. शिंपी, सायकलवाले, विधवा, सगळे. अगोला नाव विचारतो, बटण दाबतो, शून्य. पुढचा. बचत गटासाठी कराचा नंबर काढला तेव्हापासून मी वर्षातून एकदा सरकारला कळवत आले की माझ्याकडे काही नाही. आणि ते खरंच होतं. मग ते खरं राहिलं नाही, पण रांग तीच, अगोला तोच आणि बटण तेच. घरात पैसा आला म्हणून तोंडातला शब्द बदलावा लागतो, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी अगोलाला विचारलंही नाही. तीनदा अंगठा दाबून मी लिहून दिलं की मी कुणी नाही.

"पण कर तर कंपनीनं कापायचा ना?" आवुओर म्हणाली. पढवणारीच बोलायला लागली.

"इथली कंपनी असती तर तिनं कापून दिला असता," नसिमियू म्हणाली. "ही बाहेरची आहे. ती इथं कुणाला काही सांगत नाही. मिळालं ते तुम्हीच सांगायचं."

मग तिनं तिच्या कंप्युटरवर माझा आवाज लावला. त्या थंड खोलीत, भिंतीवर झेंडा, आणि मी ओरडतेय खुराड्याच्या दाराबद्दल. पलीकडच्या टेबलावरचा माणूस हसला आणि मान खाली घालून कागद चाळायला लागला.

"आजी, याला काय म्हणतात?"

"शिव्या."

"याला जाहिरात म्हणतात."

जाहिरातीला कायदा आहे, म्हणाली. ज्या कंपनीला या देशात परवाना नाही तिचं दार दाखवायचं नाही. लहान पोरांना दाखवायचं नाही. पैसे बुडू शकतात हे सांगायचं. आणि लाव, नाहीतर तू पुरुष नाहीस, असं कुणाला डिवचायचं नाही. "मी पुरुष नाहीस असं म्हटलंच नाही," मी म्हटलं. "आईच्या कुशीत झोप म्हणालात," ती म्हणाली.  परवान्याचं काम दुसऱ्या खात्याचं आहे, ते वेगळं बोलावतील. तिचं काम कराचं.

तिनं नकाशा दाखवला. सगळा देश, आणि त्यावर ठिपके, जिथं जिथं माझ्या दारानं माणूस आत गेला. किती असतील म्हणतेस? अकरा हजार चारशे. मोंबासा. लोडवार, तिथं तर नुसती वाळू आणि उंट. गारिसा. मी आयुष्यात बोंडोच्या पुढं सहा वेळा गेले असेन, त्यातल्या दोन वेळा दवाखान्यात. आणि माझा आवाज चहाच्या मळ्यांत, चुंगीच्या नाक्यावर, पहारेकऱ्यांच्या खोल्यांत जाऊन बसलाय. आपल्या सरोवरावर जलपर्णी येते ना, संध्याकाळी पाणी दिसतं आणि सकाळी उठून बघावं तर हिरवं शेत, पलीकडचा काठ दिसत नाही. मला तसं दिसलं. मी कुणाच्या घरी गेले नाही, कुणाचा हात धरला नाही. चुलीपाशी बसून बडबडले. मी त्या ठिपक्यांकडं बघत राहिले. आवुओरनं कोपर मारलं, तेव्हा पापणी हलली.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट नीट लिहिली नाही, ती दुरुस्त करते. माणूस खेळला की हिस्सा मिळतो असं मी लिहिलं. तसं नाही. नसिमियूनं कराराचा कागद वाचून दाखवला. माणूस हरला की मिळतो. शंभर हरला की तीस आपले. जिंकला तर आपल्याला काही नाही. मला हे माहीत होतं का, असं तिनं विचारलं.  चपला घेताना मी विचारलं नव्हतं, की पोरी, हे कुणाच्या पायातल्या.

आता पुढचं. तिच्याकडे दोन कागद आहेत. एकावर असं, की हे सगळं माझ्या नकळत झालं, माझं कार्ड दुसऱ्यानं वापरलं. त्यावर मी सही केली तर मी मोकळी आणि आवुओरवर खटला. दुसऱ्यावर असं, की धंदा माझा, शून्य मी भरलं, खरा आकडा हा घ्या. त्यावर सही केली तर कर आणि दंड माझ्या डोक्यावर, आणि परवान्याच्या खात्यापुढंही मीच उभी. हप्ते बांधून देईन म्हणाली, दंडात थोडी सूट मिळेल का तेही बघेन म्हणाली. तरी मी मरेपर्यंत पुरतील इतके हप्ते. दहा दिवस दिलेत.

परतताना आवुओर म्हणाली, "आजी, पहिल्यावर कर. मी तरुण आहे, मी बघून घेईन."  मी तिला मक्याचं कणीस घेऊन दिलं, म्हणजे तोंड बंद राहील.

निघताना नसिमियूनं यादी छापून दिली. माणसांची. जो तो आत जाताना स्वतःला जे नाव घेतो ते नाव, आणि पुढं तो किती हरला ते. आवुओर भाड्याचे पैसे मोजत होती तेवढ्यात मी पहिली चार पानं वाचली. मला वाचता येतं ना आता.

यादीबद्दल पुढं लिहीन. आज हात दुखतो.

पेरलं नाही अजून. शेजारच्यांचा मका वर आलाय.

दोर्सिला


उयोमा,
२१ मार्च

सेमेच्या लेकी,

तुझ्या माहेरच्या नावानं तुला म्हातारा हाक मारायचा. मी कधी मारली नाही. पस्तीस वर्षं मी तुला धाकटी म्हटलं, म्हणजे रोज तुला आठवण राहील कोण आधी आली. आज मारते, कारण ते नाव मी यादीत वाचलं.

बेंटर, इथून पुढं हळू वाच.

यादीच्या चौथ्या पानावर, वरून नववं. सेमेची लेक. ओबुयानं बोटीवर निळ्या रंगात तेच रंगवलं होतं ना, तुझं नाव. जुगाराच्या दारातही तो तेच नाव घेऊन गेला. पुढं आकडा होता. तो मी लिहीत नाही. यामाहाचं इंजिन आणि दोन जाळी, एवढा होता. आणि पलीकडच्या रकान्यात त्यातले आपले तीस. माझे तीस.

आता मागच्या एप्रिलचं. तुला सगळं आठवतंय, पण मी स्वतःच्या हातानं लिहिलं पाहिजे. ओबुयानं इंजिन विकलं, बोट विकली, आणि जुगारात गेलं असं कळलं, तेव्हा मी त्याला आवारात बोलावलं. पाण्याची नवी टाकी तेव्हाच बसवली होती, काळी, पाच हजार लिटरची. त्या टाकीवर हात ठेवून, अर्धं गाव कुंपणाशी उभं असताना, मी म्हटलं, "बघ ही. पोरीनं घरी बसून मिळवली. आणि तू बापाची बोट फुंकलीस. तुझ्या आईनं तुला दूध पाजलं की चांगआची दारू?" तू दारात उभी होतीस. तुझ्याकडे वळून मी आणखी एक म्हटलं. ते मी इथं लिहीत नाही. तू ते गाठोड्यात बांधून घेऊन गेलीस, तुझ्याकडे आहे.

ज्या टाकीवर हात ठेवून मी बोलले, त्या टाकीत त्याची बोट होती.

किसुमूहून आले आणि आवुओरला विचारलं, "तुला माहीत होतं?"

ती म्हणाली, "आजी, मी नावं वाचत नाही. मी बेरीज बघते."

मी तिला मारलं नाही. मीही तीन वर्षं तेच केलं होतं, फक्त बेरीजही बघितली नव्हती.

गुरुवारी बेटावरच्या बोटी बाजाराला येतात, म्हणून मी काठावर गेले. गुडघा घेऊन. ओबुया ओमेना मासळीची पोती उतरवत होता. वाळलाय. दाढी वाढलीय, ती त्याला शोभत नाही, हे त्याला सांग.

मला बघून पोतं खाली ठेवलं. "थोरली आई, गुडघा कसा आहे?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय. तुझं नाव यादीत आहे."

"कुठल्या?"

"माझ्या."

तो हसला. "फार दिवस लावलेस."

"तुला माहीत होतं?"

"रांगत होतो तेव्हापासून तुझ्या शिव्या खातोय. तो आवाज मला ओळखू येणार नाही?"

"ओळखलास, तर मग त्या दारात शिरलास कशाला, गाढवा?"

"तू म्हणालीस, लाव. या घरात तू बी टाकल्याशिवाय कुणी टाकत नाही. तू टाकलंस. मला वाटलं, आता आपल्याला टाकायला हरकत नाही."

सेमेच्या लेकी, मी सत्तरीला आले. मला बोलून गप्प करणारा अजून जन्मला नव्हता. मी त्या पोत्यावर बसले.

"आणि मी टाकीपाशी उभी राहून तुला बोलत होते तेव्हा? तेव्हा तोंडात काय ओमेना भरला होता? एक शब्द बोलला असतास तर माझं तोंड बंद झालं असतं."

"तेव्हा सगळं गाव बघत होतं ना, आई."

एवढंच म्हणाला. आणि दुसरं पोतं उचलून गेला.

मी त्या अकरा हजार ठिपक्यांकडं बघून थक्क झाले होते. ते काहीच नव्हतं. नकाशा काय, यंत्र काय, कुणीही विकत घेईल. पण माझी लाज झाकायला एक पोर अकरा महिने जुगारी म्हणवून घेतं, परक्याची बोट ओढतं, स्वतःच्या आईलाही सांगत नाही, हे मी कशात मोजू? हा गुण त्याच्यात कुठून आला, याचा मी परतीच्या वाटेवर विचार केला. म्हाताऱ्यात नव्हता. माझ्यात तर नाहीच. मग राहिलं कोण, ते तूच बघ. मी हे दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

तिथून तशी निघाले नाही. पोत्यावर उभी राहिले आणि काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. बोट माझ्या दारानं गेली, आवाज माझा होता, टाकी त्याची आहे.  मग लंगडा ओग्वेनो म्हणाला, "दोर्सिला, मीही तुझ्याच दारानं गेलो होतो. माझी शेळी पण त्या टाकीत आहे का?"

"तुझी शेळी तुझ्यासारखीच लंगडी," मी म्हटलं, "ती टाकीपर्यंत पोचली नसेल. पण उद्या ये, यादीत बघू."

तो आला. आणखी सहा जण आले. सात जणांची नावं सापडली. त्यांना द्यायला माझ्याकडे काही नाही, पण त्यांनी नाव दाखवलं आणि मी बघितलं. एकानं विचारलं, "आजी, आता मॅचला तू बोलणार नाहीस का?" म्हणजे त्याला अजून तेच हवं होतं.

टाकी हलवली. आधी नळ उघडा ठेवून पाणी सोडलं, दिवसभर वाहत होतं, बाया हंडे घेऊन धावत आल्या आणि मला वेडी म्हणाल्या. मग आठ माणसांनी ती आडवी करून आवारातून ढकलत तुझ्या घराशी नेली. गडगडत गेली, कोंबड्या झाडावर. आता ती तुझ्या छपराच्या पन्हळीखाली उभी आहे. माझी टाकी गेली, आता मी पूर्वीसारखी सरोवरावरून पाणी आणते. ही माफी नव्हे. माफी मला मागता येत नाही, ती कुणी आंब्याखाली शिकवली नाही. टाकी जिथली होती तिथं नेली, इतकंच.

सहीचं सांगायचं राहिलं. कालच जाऊन आले. दुसऱ्या कागदावर केली, धंदा माझा. आवुओर रडायला लागली तर नसिमियूनं तिला पाणी दिलं. मी म्हटलं, "हिला नका देऊ, डोळ्यांत आधीच फार आहे." नसिमियूनं विचारलं, "आजी, खरंच? पहिल्या कागदावर केली तर तुम्ही मोकळ्या होता." मी म्हटलं, "बाई, तीन वर्षं तुमच्या कागदावर मी शून्य होते. आवाज माझा, अंगठा माझा, चपला माझ्या पायात. आता एकदा मला आकडा लिहू द्या." तिनं पेन दिलं. या वेळी अंगठा दिला नाही, अक्षरं काढली. वाकडी आली. पण कागद माझा आहे, ओळखू येतो. हप्त्यांसाठी कालवड मोठी झाली की विकीन. आवुओर सायबरमध्ये कामाला लागलीय, अगोलाकडेच. तिला सांगितलंय, जूनमध्ये जो येईल त्याला बटण दाबण्याआधी विचारायचं, खरंच शून्य का रे?

दार बंद केलं. आवाज मात्र परत घेता येत नाही, असं आवुओर म्हणते. लोकांनी तो आपापल्या फोनमध्ये ठेवलाय, लोडवारलाही असेल. उंटासोबत. म्हणून शेवटचा एक भरून सोडला. त्यात फुटबॉल नव्हता. मी म्हटलं, "पोरांनो, हे दार बंद झालं. आत गेलेल्यांतला एकही मला भरभराटलेला दिसला नाही, मी यादी वाचलीय. घरी जा. आईच्या कुशीत जाऊन झोपा." अकरा हजारांनी ऐकला म्हणतात. तू ऐकू नकोस. विकून झालेल्या आवाजात तुझ्याशी बोलायचं नव्हतं, म्हणून तर हा कागद. आणि तू फोन उचलला नाहीस ते बरंच केलंस.

आता गुडघ्याचं. गुडघा दुखत नाही. दुखतो, पण बी टाकायला गुडघा लागत नाही, हे तुलाही माहीत आहे. तीन मार्चला मला यादी माहीत नव्हती, तरी मी टोपली घेऊन शेतात गेले आणि हात उघडेना. मी आधी टाकायचं, मग तू टाकायचं, मग सुनांनी, अशी रीत. माझ्या मागं तुझी सरी रिकामी असताना मी कुणाच्या आधी टाकू? थोरली असायला मागं कुणीतरी लागतं.

सुना चिडल्यात. शेजाऱ्यांचा मका पोटरीएवढा झालाय. मुलं म्हणतात, आई, या वर्षी उपाशी मारशील. मारीन. ओबुया म्हणाला, तू आलीस तर तो बेटावरून येईल, तोवर नाही. म्हणजे सगळं तुझ्या पायावर येऊन थांबलंय, आणि तू नाकुरूत बसून हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकतेस.

मटाटूचं भाडं बेंटरच्या फोनवर टाकलंय. आवुओरच्या कमाईतलं नाही. तांबडीचं दूध विकून.

पाऊस पेरणीसाठी फार तर आणखी दहा दिवस वाट बघेल.

अजून न पेरलेली,
तुझी थोरली